सातवा रकाना

निवडणूक लागली की ठाण्याच्या ओसरीवर
बंदुका येऊन बसतात.
कुणाची जुन्या लुगड्यात, कुणाची युरियाच्या पोत्यात,
जिवतोड्यांची तर उशीच्या अभ्र्यात,
नळीवर कशिद्याचं ‘सुस्वागतम्’.

मी टेबल बाहेर ओढते. नोंदवही उघडते.
अनुक्रमांक, नाव, परवाना, बनावट, नंबर, काडतुसे,
आणि सातवा रकाना : स्थिती.

“रानडुकराले आचारसंहिता नाई लागत का जी, मॅडम?”
उद्धव नन्नावरे दर खेपेला विचारतात.
मी दर खेपेला हसते.
धान लोंबीवर आहे, चुकीचं काही बोलत नाहीत.

घाई कुणालाच नसते.
माणसं एकमेकांच्या नळीतून आभाळ बघतात
एक डोळा मिटून.
“गंज धरला गा तुह्या नळीनं.”
“गंज नाई, सावली हाये थे.”
दुनळीवाला एकनळीवाल्याशी जरा चढ्या आवाजात बोलतो.
ठासणीवाला गप्प. त्याच्या बंदुकीचा नंबर
हातानं कोरलेला, आठ आणि तीन सारखेच दिसतात.

मग डोमाजी लोध्यांची सायकल येते
आणि ओसरी सरकून जागा करते.

त्यांची रायफल. घोड्याखाली लोखंडाचा लांबट कडा,
कढईच्या कानासारखा.
तीन बोटं आत घालायची, खाली ढकलायचं, वर ओढायचं :
खट्‌—खटाक.
“अजून एकदा, डोमाजी.”
खट्‌—खटाक.
बाजारात बैलाचे दात बघावेत तसे
सगळे कडा बघतात, बाजूचा झरोका चाचपतात,
एकेक गोळी जिथून पोटात जायची तो.

“आज्यानं घेतली, लाकडाच्या ठेकेदारापासून.
अकरा महिन्याच्या मजुरीत.”
गेल्या निवडणुकीत नऊ महिने होते.
“अन् गोया?”
“गोया कुठल्या आता. सत्त्याण्णवात शेवटची वाजवली.
डुक्कर नाई मेला.
पण कवच काय उडालं बापा, थेट टोपीवरून!”
ते कवच सुपारीच्या डबीत आहे. काढून दाखवतात.
नन्नावरे वास घेतात.
इतक्या वर्षांनी कसला वास,
तरी मान हलवतात.

पुढे अर्धा तास तेलावर वाद.
शिलाई मशीनचं, का टोरीचं?
टोरीचं चिकटतं. मशीनचं उडून जातं.
जिवतोडे म्हणतात, खोबरेल,
आणि त्यांना कुणी उत्तरसुद्धा देत नाही.

“पाहता का, मॅडम?”
मी पेन ठेवते.

माझा आजा हाक्यात असायचा.
डबा बडवत गवतातून पुढे जायचं,
ज्या बाजूला बंदुका, त्याच बाजूला.
दिवसाचे आठ आणे, वर आतडी-कातडी.
असल्या कड्याचा आवाज त्यानं ऐकला असेल
समोरून.
मागून कधी नाही.

नळी वर. कोठी रिकामी बघून घेते, नियम आहे.
तीन बोटं आत जातात.
कडा थंड, तीन पिढ्यांच्या बोटांनी झिजलेला,
माझ्याही मापाचा निघतो.
खाली. वर.
खट्‌—खटाक.

ओसरीवर कुणी बोलत नाही.
“हात बरा हाये,” डोमाजी म्हणतात,
जरासे नाराज असल्यागत,
आणि रायफल परत मांडीवर घेतात.

सातवा रकाना राहिलाय.
नादुरुस्त लिहिलं तर परवान्याला नूतनीकरणात अडचण.
चालू लिहिलं तर, कशानं चालू?
डोमाजी दूरच्या कडुलिंबाकडे बघतात,
वहीकडे अजिबात बघत नाहीत.
मी लिहिते : चालू स्थितीत. कडा सैल नाही.
दुसरं वाक्य साहेब खोडतील.

पावती घडी करून टोपीत जाते.
“उभी ठेवजा, मॅडम. भिंतीले टेकवून नाई,
ओल धरते.”
बरं म्हणते.

एकेक सायकल, एकेक मोटारसायकल निघून जाते.
हात मोकळे असल्यानं सगळ्यांची चाल थोडी विचित्र दिसते.
निकाल लागेपर्यंत आता चोवीस दिवस,
आणि मालखान्याची किल्ली
रात्रपाळीत माझ्याकडे असते.